ऑरिनची लेबलं

लेबलं चिकटवायचं काम मला कधीच आवडलं नाही आणि ते मी कधी लपवलंही नाही. वर्षातून चार वेळा आम्ही आठ-दहा म्हातारी माणसं चर्चच्या तळघरात लांब टेबलांभोवती बसायचो. सोलहेमच्या मळणी मंडळाचं 'शीळ' नावाचं वार्तापत्र दुमडायचं, कडेला गोल चिकटी लावून त्याचं तोंड बंद करायचं, वर पत्त्याचं लेबल डकवायचं आणि पिन कोडप्रमाणे गठ्ठे बांधायचे. सोबत पातळ कॉफी, कुणाच्या तरी घरच्या लिंबाच्या वड्या आणि बीटच्या काढणीबद्दल तीच ती वाक्यं. मी जन्मभर शाळेत रसायनशास्त्र शिकवलं. एकच कृती शेकडो वेळा करायची तर तिच्यातून काहीतरी सिद्ध व्हावं अशी माझी अपेक्षा असते. लेबलांतून काही सिद्ध होत नाही. तरी मी जायची. न जाणाऱ्याला आमच्याकडे कुणी बोल लावत नाही, नुसतं 'तिची तब्येत बरी आहे ना?' असं एकमेकांना विचारतात. त्यापेक्षा बोल लावलेले परवडले.

ऑरिन हेगस्टाड आमच्यात चिकटवायला बसायचा नाही. तो लेबलं छापून आणायचा. उंच, खांद्यात वाकलेला माणूस. गावच्या धान्याच्या कोठारावर वजनकाट्याच्या खोलीत त्याची सगळी नोकरी गेली. ट्रक आत घेताना तोलायचा, बाहेर जाताना तोलायचा, शेतकऱ्याला पावती द्यायची. गव्हाची धूळ खाऊन खाऊन त्याचा आवाज घोगरा झाला होता, आणि तो आवाज तो जपूनच वापरायचा. निवृत्त झाल्यावर मंडळाच्या पत्त्यांचं काम त्याने घेतलं. मंडळ म्हणजे जुनी वाफेची मळणीयंत्रं जपणाऱ्यांचं. उन्हाळा संपता संपता ती यंत्रं शेतात आणायची, भरपूर धूर करायचा, गव्हाच्या पेंढ्या घालायच्या आणि आपापल्या आजोबांच्या कष्टांबद्दल खोटं बोलायचं. सभासद मात्र पार समुद्रापर्यंत पसरलेले, कारण सोलहेममध्ये जन्मलेला माणूस सोलहेममध्ये राहत नाही. त्याला घरी फक्त 'शीळ' जाते.

लेबलं कशी छापायची याची ऑरिनची पद्धत होती. लेबलांचे कागद महाग, म्हणून तो आधी साध्या कागदावर छापायचा. मग तो साधा कागद लेबलांच्या कोऱ्या कागदावर ठेवून दोन्ही खिडकीच्या काचेवर दाबून धरायचा. मागून उजेड आला की प्रत्येक पत्ता आपल्या चौकटीत बसलाय की नाही ते दिसतं. बसला असेल तरच खरा कागद यंत्रात घालायचा. मी एकदा त्याला विचारलं, "दर वेळी कशाला रे? मागच्या वेळी बरोबर आलं होतं ना?"

"आलं होतं," तो म्हणाला.

"मग?"

"मागच्या वेळी."

त्याला एवढी काळजी का, हे गावात मला ठाऊक होतं, आणखी कुणाला असेल तर कुणी बोललं नाही. सांगून टाकते. त्या लेबलांत एक लेबल त्याच्या मुलीचं होतं. मारिटचं. ती कुठे राहते हे त्याला फक्त त्या लेबलावरून कळायचं.

मारिट माझी विद्यार्थिनी. हुशार, तापट आणि स्पष्ट. सोलहेमच्या मानाने जरा जास्तच स्पष्ट. इस्पितळातल्या प्रयोगशाळेत रक्त तपासायची नोकरी धरून ती पश्चिमेकडे गेली. तिची आई, अर्डिस, एका डिसेंबरात आजारी पडली. पोटाचा कॅन्सर, फार पुढे गेलेला. मारिट दर रविवारी फोन करायची, आणि दर रविवारी अर्डिस ऑरिनला खुणेने सांगायची, काही बोलू नकोस. म्हणायची, रस्ते बर्फाने बंद आहेत, तिची नवी नोकरी आहे, वसंतात सांगू. ऑरिन हवामानाबद्दल बोलायचा आणि फोन अर्डिसकडे द्यायचा. अर्डिस वसंतापर्यंत राहिली नाही. रस्ते मोकळे व्हायच्या आधीच गेली.

अंत्यविधीनंतर याच तळघरात जेवण होतं. हॅमचे पाव, बटाट्याचं सॅलड, केक. मारिट दोन विमानं बदलून आली होती. मी तिच्या शेजारीच उभी होते. ती आवाज न चढवता बोलली, म्हणून मला शब्द न् शब्द आठवतो.

"किती दिवस माहीत होतं तुम्हांला, बाबा?"

"तुझ्या आईने सांगितलं होतं की..."

"आईने काय सांगितलं ते नाही विचारत. तुम्हांला किती दिवस माहीत होतं?"

ऑरिनने हातातली बशी टेबलावर ठेवली. "नाताळापासून."

"आणि दर रविवारी तुम्ही मला सांगत होतात की बर्फ किती पडला."

"पडत होता, मारिट."

मला त्याला तिथेच धरून गदागदा हलवावंसं वाटलं. मारिट कोटांच्या खुंटीकडे वळली. मग म्हणाली, "मला फोन करू नका. पत्र लिहू नका. न सांगता राहायची तुम्हांला सवय आहेच. तशीच ठेवा." आणि कोट घेऊन निघून गेली. लोकांनी पुन्हा कॉफी ओतून घेतली.

आता कुणीही बाप काय करेल? आठवड्याने फोन करेल. शिव्या खाईल, पुन्हा करेल. ऑरिनने केला नाही. तिने सांगितलं होतं करू नका, म्हणून केला नाही. मी त्याला किती वेळा म्हटलं, "अरे, रागाच्या भरात माणूस बोलतो. ते काय कोर्टाचा हुकूम असतं?" तो ऐकून घ्यायचा. "तिने सांगितलंय, विनी," एवढंच म्हणायचा.

पण मारिट मंडळाची तहहयात सभासद होती. तिच्या आजोबांनी ती जन्मली तेव्हाच तिचं नाव घातलं होतं. तेव्हा 'शीळ' तिला जाणारच. ऑरिनने त्यात कधी एक ओळ लिहून घातली नाही, वाढदिवसाच्या महिन्यातही नाही. आणि ती जागा बदलायची तेव्हा पोस्ट काय करायचं, तर वार्तापत्र परत पाठवायचं, त्यावर नव्या पत्त्याची पिवळी पट्टी लावून. तसं करा म्हणून आमच्या अंकावर छापलेलंच होतं, सगळ्यांसाठी. अशी पट्टी आली की ऑरिन नवा पत्ता घालायचा आणि पुढचा अंक तिकडे जायचा. पोर्टलंड, मग स्पोकेन, मग बॉयसी. प्रत्येक वेळी नवा पत्ता कळला की तो वर्तमानपत्रात तिथलं हवामान वाचायला लागायचा. आम्ही सगळे इथल्या वाऱ्याबद्दल कुरकुरत असायचो आणि हा मधेच म्हणायचा, "बॉयसीत आज ऊन आहे." लव्हॉन, आमची खजिनदार, त्यावर एकदा म्हणाली, "ऑरिन, तू तिकडे घर घेतोयस की काय? बाईबिई बघितलीस का?" सगळे हसले. ऑरिनही हसला.

मी त्याला एकदा एकटं गाठून विचारलं, "तिला माहीत असेल ना की लेबलं तू छापतोस?"

"नसेल. असलं तरी..." तो थांबला. "सगळ्यांना जातं ते तिला जातं, विनी. त्यात मी नाही."

अशी सात वर्षं गेली. मग ब्रेंट वोल्ड मंडळाचा अध्यक्ष झाला.

ब्रेंटबद्दल मला वाईट बोलायचं नाही. तोही माझाच विद्यार्थी, बँकेत आहे, मेहनती आहे. अडचण एवढीच की त्याला सगळं नीट करायचं असतं. जुना संगणक मंडळाच्या शेडमधल्या खोलीत होता आणि तो सुरू व्हायला जेवढा वेळ घ्यायचा तेवढ्यात मी दुपारचं जेवण उरकायची. ब्रेंटने ठरवलं, सभासदांची सगळी नोंद इंटरनेटवर घ्यायची. कुठूनही उघडा, कुठूनही बदला, हवी तेव्हा लेबलं काढा. ऑरिन चटकन शिकला म्हणता येणार नाही, पण शिकला. रोज सकाळी ग्रंथालयात जाऊन एकेक नाव तपासत बसायचा. जुन्या नोंदीत गोंधळ होताच. एकच माणूस दोनदा, मेलेली माणसं जिवंत, नवरा-बायको वेगळे झालेले पण लेबलावर एकत्र. ब्रेंट पहिल्याच बैठकीत म्हणाला, "सगळी नोंद स्वच्छ झाल्याशिवाय एकही लेबल छापायचं नाही. उगाच चुकीच्या पत्त्यांवर टपाल कशाला?"

ऐकायला शहाणपणाचं वाटतं. पण नोंद कधी स्वच्छ होत नसते. शरदातला अंक राहिला. मग हिवाळ्यातला राहिला. वसंत गेला, उन्हाळा गेला. संपादक म्हणाला, लेबलं नाहीत तर अंक कशाला लिहू? ब्रेंट म्हणाला, अंक नाही तर लेबलांची घाई काय आहे? पुन्हा बर्फ पडायला लागलं तेव्हा ऑरिन माझ्या घरी आला. तो कुणाच्या घरी न बोलावता येत नाही. स्वयंपाकघरात कोट न काढता उभा राहिला.

"बस ना," मी म्हटलं. "कोण मेलं?"

"कुणी नाही." तो बसला. टोपी गुडघ्यावर ठेवली. "पोस्टातल्या ट्रूडीला विचारलं मी. माणसाने जागा बदलली की नवा पत्ता पोस्ट दीड वर्ष सांगतं. त्यानंतर नाही सांगत. मग टपाल नुसतंच परत येतं."

मला कळायला एक क्षण लागला. "मारिट हलली आहे?"

"माहीत नाही. पण ती दर दोन वर्षांनी हलते. उन्हाळा संपताना, भाड्याचा करार संपतो तेव्हा. मागच्या अंकाच्या वेळी बॉयसीतच होती. म्हणजे त्यानंतर लगेच, गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यातच..." तो बोटांकडे बघत राहिला. "येत्या थंडीत अंक निघायला हवा. फार तर थंडी संपेपर्यंत."

"मग सांग ब्रेंटला!"

"काय सांगू?"

"हेच! माझ्या मुलीचा पत्ता जाईल म्हणून सांग."

त्याने गुडघ्यावरची टोपी फिरवली. माझा पारा चढला. मी म्हटलं, मी लिहिते तिला. जुन्या शिक्षिकेचं पत्र, नाताळाच्या शुभेच्छा, त्यात तुझं नावही नाही. तो इतक्या झटकन 'नको' म्हणाला की मी दचकले.

"तिला वाटेल मी तुला मागे लावलं. मग 'शीळ'सुद्धा बंद करायला सांगेल ती. तिने तेवढं एक बंद नाही केलं, विनी. एवढ्या वर्षांत नाही केलं."

"आणि इंटरनेटवर शोधलं तर?"

"हुडकत जायचं नाही तिच्या मागे."

तो गेल्यावर मी शोधलंच. त्याला न विचारता, मला कुणाच्या परवानगीची गरज नाही. चार-पाच मारिट सापडल्या, कुणी नव्वदीची, कुणी घोड्यांची डॉक्टर. आपली एकही नाही. ती असल्या ठिकाणी स्वतःचं नाव टांगणारी मुलगी नव्हतीच.

जानेवारीत बैठक झाली. तळघरातच. मी ऑरिनला वाटेत गाडीत घेतलं आणि पूर्ण रस्ताभर पढवलं. "दोन वाक्यं. उठायचं आणि म्हणायचं, ब्रेंट, अंक आत्ता निघायला हवा, मला स्वतःला त्याची गरज आहे. का, ते कुणी विचारणार नाही. आपल्याकडे विचारतात का कुणी?"

"नाही विचारत," तो म्हणाला.

"मग झालं तर."

बैठकीत ब्रेंटने आकडे दाखवले. इतक्या नोंदी तपासल्या, इतक्या राहिल्या. आता त्याचा नवा बेत असा की प्रत्येक सभासदाने स्वतः इंटरनेटवर येऊन आपली माहिती पक्की करावी, त्यासाठी पुढच्या शरदापर्यंत वेळ द्यावा, आणि तेव्हा एकदम मोठा, रंगीत अंक काढावा. लोकांनी माना डोलावल्या. रंगीत म्हटलं की लोक माना डोलावतात. मी उठले.

"ब्रेंट, दोन पानांचा काळा-पांढरा अंक काढायला काय धाड भरलीय? आत्ता काढू. असलेल्या पत्त्यांवर. चुकले तर चुकले."

"बाई, तुमचं म्हणणं बरोबर आहे," ब्रेंट म्हणाला. आमच्याकडे असं म्हटलं की समजावं, हरलो. "पण चुकीच्या पत्त्यांवरचं टपाल परत येतं, त्याचे पैसे पडतात. लव्हॉन सांगेल."

लव्हॉन म्हणाली, "पडतात बाई. आणि परत आलेल्याचं करायचं काय? माझ्या गॅरेजमध्ये आधीच मांजरं आणि गठ्ठे."

मी ऑरिनकडे बघितलं. तो उठला. खुर्ची मागे सरकवून नीट उभा राहिला. तळघर शांत झालं, कारण ऑरिन बैठकीत बोलत नाही.

"लोकांना," तो म्हणाला, "आठवण राहावी म्हणून... अंक गेलेला बरा असतो."

मी वाट बघत होते. सगळेच वाट बघत होते. ब्रेंटने मान पुढे केली, खरोखर आदराने. "म्हणजे लगेच काढावा असं म्हणणं आहे का, ऑरिन?"

आत्ता. एक शब्द. 'हो'. मी मनातल्या मनात तो शब्द त्याच्या तोंडात घातला.

"नाही, म्हणजे," ऑरिन म्हणाला, "तुम्ही लोकांनी विचार केलाच असेल." आणि खाली बसला.

मतदान झालं. पुढच्या शरदापर्यंत थांबायचं, बाजूने कोण? हात वर झाले. ऑरिनचाही झाला. अगदी खांद्याच्या उंचीइतकाच, पण झाला. विरोधात माझा एकटीचा.

परत येताना मी गाडीत त्याला काय काय म्हटलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. शेवटी म्हटलं, "विरोधात नाही, तर निदान हात खाली तरी ठेवायचा होतास!"

"ब्रेंटने एवढं काम केलंय," तो म्हणाला. "सगळ्यांसमोर त्याला पाडायचं..."

"आणि मारिट?"

त्याने खिडकीबाहेर बघितलं. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं, शेत आणि बर्फ. "कदाचित हललीही नसेल," तो म्हणाला.

ती थंडी गेली, उन्हाळा गेला. ऑरिन रोज सकाळी ग्रंथालयात जाऊन नावं तपासत राहिला, आता जास्तच नेटाने, जणू त्याच्या हाताने ती नोंद लवकर स्वच्छ होणार होती. मी मधेमधे डोकवायची. मारिटच्या नावावर तो कधी थांबलेला मी पाहिला नाही. ती नोंद तपासून झाली होती. तिच्यात तपासायला काही नव्हतं. सभासदांनी स्वतः येऊन माहिती पक्की करायची ती मोजक्या लोकांनी केली. मारिटला त्याचं कळलंच नसणार. कळवायला अंकच गेला नव्हता.

शरदात रंगीत अंक आला आणि लेबलं छापायचा दिवस आला. ब्रेंट मोठ्या उत्साहाने आला, ग्रंथालयातल्या संगणकावर नोंद उघडली, 'लेबलं' वर दाबलं. पहिल्या कागदावर वरच्या ओळी बरोबर, आणि खाली जावं तसतसे पत्ते सरकत सरकत शेवटच्या ओळीला निम्मं नाव एका लेबलावर आणि निम्मं खालच्यावर. ऑरिनने तो साधा कागद काचेवर धरला आणि डोकं हलवलं. दोघे तासभर झटले. समास बदलला, कागद उलटा घातला, यंत्र बंद-चालू केलं. शेवटी ब्रेंटला सापडलं की संगणक आपल्या मनाने सगळं पान थोडं आखडून छापतोय. ती खूण काढली आणि पत्ते चौकटीत बसले.

"बघ, ऑरिन!" ब्रेंट म्हणाला. "आता कुणालाही जमेल हे. घरबसल्या."

"हो," ऑरिन म्हणाला. "छान झालंय."

मारिटचं लेबल बॉयसीच्या जुन्या पत्त्याचंच होतं. त्या दिवशी तळघरात ऑरिन पहिल्यांदाच आमच्यात येऊन चिकटवायला बसला. मारिटचा अंक त्याने स्वतः दुमडला. दुमडला आणि इतरांसारखाच गठ्ठ्यात ठेवला, पश्चिमेकडच्या गठ्ठ्यात, खाली-वर न करता. लव्हॉन त्याला म्हणाली, "ये ना रे दर वेळी असा. आम्हां बायकांच्यात एखादा पुरुष बरा दिसतो."

परत आलेलं टपाल यायला तीन-चार आठवडे लागतात. नोव्हेंबरात, थँक्सगिव्हिंगच्या सणाच्या आधल्या आठवड्यात मी पोस्टात तिकिटं घ्यायला गेले तेव्हा ऑरिन खिडकीशी उभा होता आणि ट्रूडी मंडळाचे परत आलेले अंक एका रबरात बांधून त्याच्यासमोर ठेवत होती. नेहमीपेक्षा जाड गठ्ठा. त्याने तो तिथेच उघडला नाही, पिशवीत घातला आणि बाहेर ट्रकमध्ये जाऊन बसला. मी तिकिटं न घेताच त्याच्यामागे गेले आणि दुसऱ्या बाजूचं दार उघडून आत चढले.

"बघ तरी," मी म्हटलं.

त्याने रबर काढलं. एकेक अंक पालथा घालत गेला. बहुतेकांवर पिवळ्या पट्ट्या होत्या, नवे पत्ते छापलेले: ऍरिझोना, फार्गो, वृद्धाश्रमं. मारिटचा अंक मधे कुठेतरी होता. पट्टी त्याच्यावरही होती. तिच्यावर पत्ता नव्हता. प्राप्तकर्ता इथे नाही, पुढे पाठवणं शक्य नाही, एवढंच.

त्याने ती पट्टी दोनदा वाचली असेल. मग अंगठ्याने तिची एक उचललेली कड खाली दाबली, नीट चिकटवल्यासारखी.

"ट्रूडीला विचारू," मी म्हटलं. "तिच्या यंत्रात असेल कुठेतरी."

"विचारलं मी. आत्ताच. नाही सांगता येत तिला." मग म्हणाला, "हलली होती तर."

"ऑरिन, त्या इस्पितळाला फोन करू. कुठल्या तरी इस्पितळात असेल ना ती? बॉयसीत किती इस्पितळं असतील?"

"नको, विनी."

"का नको? देवाशपथ, का नको?"

"तिने सांगितलं होतं."

   काचेवर बारीक बर्फ यायला लागलं होतं आणि त्याने वायपर चालू केले नव्हते.

दुसऱ्या सकाळी तो ग्रंथालयात होता. परत आलेल्या अंकांचा गठ्ठा डाव्या हाताला, आणि नवे पत्ते एकेक करून नोंदीत घालणं चालू होतं. मी शेजारची खुर्ची ओढली. मारिटचा अंक आला. त्याने तिचं नाव उघडलं. या नव्या नोंदीत प्रत्येक नावाखाली एक चौकोन आहे: पत्ता चुकीचा, टपाल पाठवू नये. तो दाबला की पुढच्या वेळी त्या माणसाचं लेबल निघत नाही.

मी त्याचं मनगट धरलं. "राहू दे. काही बिघडत नाही. दर वेळी एक अंक परत येईल, येऊ दे. लव्हॉन ओरडली तर मी बघते. कुणास ठाऊक, परत येईलही ती तिथे. शेजारी ओळखत असतील, देतील तिला."

त्याने माझा हात हळूच बाजूला केला. त्याच्या हाताला जोर लावावा लागला नाही.

"आता तिथे दुसरं कुणीतरी राहत असेल," तो म्हणाला. "त्यांच्या पेटीत कशाला उगाच आपला कागद."

आणि त्याने चौकोन दाबला. मारिट हेगस्टाड, तहहयात सभासद. नावाचा रंग करडा झाला. त्याने अंक गठ्ठ्याच्या दुसऱ्या बाजूला ठेवला, पुढचा उचलला, चष्मा नाकावर वर सारला आणि मला म्हणाला, "एवढं वाचून दाखवशील? शाई पुसट आहे. फार्गो आहे ना हे?"

फार्गोच होतं. मी वाचून दाखवलं.